सिग्नल फ्रेममधील फ्लोटिंग पॉइंट स्थिती : कर्नल कोड तपासताना

आजचा विषय कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, एका लहानशा कोपऱ्याचा आहे. एखाद्या प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) सिग्नल, म्हणजे काही घडल्याचा इशारा, येतो तेव्हा कर्नल तिचे चालू काम जागच्या जागी थांबवतो आणि तिला हँडलरकडे, म्हणजे त्या सिग्नलसाठी लिहिलेल्या फंक्शनकडे, वळवतो. हँडलर संपला की तेच काम, मध्ये काही घडलेच नाही अशा रीतीने, पुढे सुरू व्हावे लागते. त्यासाठी रजिस्टरांतील, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागांतील, सर्व मजकूर प्रोसेसच्याच स्टॅकवर लिहून ठेवला जातो. या नोंदीला सिग्नल फ्रेम म्हणतात. साध्या रजिस्टरांचे काम सरळ असल्याने त्यावर वेळ घालवत नाही. फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांकी संख्यांच्या) आणि व्हेक्टर (एकदम अनेक मूल्ये धरणाऱ्या) रजिस्टरांचे प्रकरण मात्र वेगळे आहे, आणि ते मी मुख्यतः लिनक्स व एक्स८६ प्रोसेसर यांच्या संदर्भात मांडणार आहे.

पहिली अडचण आकाराची. ही रजिस्टरे मेमरीत लिहिणाऱ्या एफएक्ससेव्ह या प्रोसेसरच्या जुन्या सूचनेला ५१२ बाइटांची जागा पुरत असे. तिची नवी आवृत्ती एक्ससेव्ह आल्यावर त्या जागेमागे ६४ बाइटांचे हेडर आले, एव्हीएक्स या रुंद व्हेक्टर रजिस्टरांच्या विस्ताराने आणखी २५६ बाइटांची भर घातली, एव्हीएक्स-५१२ असलेल्या यंत्रांवर एकूण आकार अडीच हजार बाइटांच्या पुढे गेला, आणि मॅट्रिक्सच्या गणितासाठीच्या एएमएक्सच्या टाइल रजिस्टरांना एकट्यालाच ८१९२ बाइट लागतात. सिग्नलसाठी वेगळा स्टॅक देणाऱ्या प्रोग्रॅमांना एक्स८६ वर जो किमान आकार स्थिरांक म्हणून सांगितला गेला होता, तो मात्र २०४८ बाइटच राहिला. म्हणजे नियम पाळणाऱ्या प्रोग्रॅमचाही स्टॅक केवळ नवा प्रोसेसर आल्यामुळे अपुरा पडू लागला. लिनक्स ५.१४ पासून कर्नल खरा किमान आकार प्रोसेस सुरू होतानाच तिला कळवतो. म्हणून एखाद्या पॅचमध्ये, म्हणजे कोडमधील प्रस्तावित बदलात, या क्षेत्राचा आकार कायमचा ठरलेला आकडा म्हणून लिहिलेला दिसला, तर पुढे वाचण्याआधी तिथेच थांबावे.

आकारापेक्षा अवघड प्रश्न आहे तो खरी प्रत कुठे आहे हा. प्रोसेसची फ्लोटिंग पॉइंट स्थिती कोणत्याही क्षणी प्रत्यक्ष रजिस्टरांत असू शकते, कर्नलच्या मेमरीत असू शकते, किंवा युजर स्टॅकवर लिहिली जात असू शकते. २०१९ साली आलेल्या लिनक्स ५.२ मध्ये रजिस्टर पुन्हा भरण्याचे काम युजर स्पेसकडे परतण्याच्या क्षणापर्यंत पुढे ढकलले गेले, आणि रजिस्टर अजून भरायची आहेत हे सांगणारा एक फ्लॅग आला. तेव्हापासून या कोडमधील प्रत्येक ओळ वाचताना तो फ्लॅग इथे कसा आहे आणि ही ओळ चालू असताना तो बदलू शकतो का, हे विचारावेच लागते.

एक्ससेव्ह सूचना रजिस्टरांतील मजकूर थेट युजर स्टॅकवर लिहिते. त्या स्टॅकचे पान मेमरीत नसेल तर पेज फॉल्ट होतो, पान आणताना प्रोसेसला झोपावे लागू शकते, आणि तेवढ्यात दुसरी प्रोसेस तीच रजिस्टरे वापरून जाते. म्हणून कर्नल आधी रजिस्टरांवर कुलूप घालतो, पेज फॉल्ट हाताळणे बंद करतो आणि मग लिहून पाहतो. लिहिणे फसले तर कुलूप सोडून त्याच जागेवर शून्ये लिहितो, म्हणजे पाने आपोआप हजर होतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. फेरप्रयत्नाची उडी कुलपाच्या आधीच्या ओळीवर जाते की नंतरच्या, एवढा एकच तपशील इथे सगळे बिघडवू शकतो, कारण मधल्या काळात फ्लॅग बदललेला असेल तर तो पुन्हा तपासायलाच हवा. शिवाय एक्ससेव्ह हेडरमधील सगळे बाइट स्वतः लिहीत नाही. ते आधी पुसले नाहीत तर स्टॅकवरचा जुना कचरा हेडर म्हणून उरतो.

परतीचा प्रवास याहून धोक्याचा आहे, कारण फ्रेम आता प्रोसेसच्या ताब्यात होती आणि तिने त्यात वाटेल ते लिहिलेले असू शकते. २०१७ साली सापडलेल्या एका दोषात हेडरमधील राखीव बिट नीट तपासले जात नव्हते. त्यामुळे रजिस्टर भरण्याची सूचनाच फसे, जुना मजकूर तसाच राही, आणि प्रोसेसला दुसऱ्या प्रोसेसची रजिस्टरे वाचता येत. २०२१ सालच्या दुरुस्तीमागचा विचार तर मला विशेष शिकवणारा वाटतो. एक्सआरस्टॉर ही रजिस्टरे भरणारी सूचना पेज फॉल्टने फसली तरी तिने काही रजिस्टरे आधीच बदललेली असू शकतात, आणि इंटेल व एएमडी दोघेही हे वर्तन नियमाला धरूनच मानतात. त्या वेळी रजिस्टरांत दुसऱ्याच टास्कचा मजकूर जपून ठेवलेला असेल, तर फसलेल्या सूचनेनंतर तो वैध राहिला असे मानता येत नाही. त्याची वैधता तिथल्या तिथे रद्द करावी लागते. अपयशी सूचनेने काहीच केले नसेल ही समजूत आपण सी भाषेतील फंक्शनांवरून घेतो, आणि हार्डवेअर ती पाळायला बांधलेले नाही.

२०२४ सालचा दोष अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. परत येताना पेज फॉल्ट झाला तर कर्नल फ्रेमची पाने वाचून मेमरीत आणतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. पण किती बाइट वाचायचे हा आकडा तो फ्रेममध्येच लिहिलेल्या आकारावरून घेत होता. प्रोसेसने तो आकार मुद्दाम कमी लिहिला, कोणती रजिस्टरे भरायची ते सांगणारे बिट मात्र पूर्ण ठेवले, आणि क्षेत्राचा शेवटचा भाग मेमरीतून काढून टाकला, तर काय होईल? एक्सआरस्टॉर काढून टाकलेल्या भागाला हात लावते आणि फसते. कर्नल फक्त सुरुवातीचा भाग वाचतो, तो व्यवस्थित वाचला जातो, म्हणून पुन्हा एक्सआरस्टॉर, पुन्हा फॉल्ट, आणि हे चक्र कधीच थांबत नाही. सूचना जास्तीत जास्त जेवढ्या जागेला हात लावू शकते तेवढा आकार कर्नलने स्वतःच्या नोंदीतून घ्यावा, ही त्यावरची दुरुस्ती. फेरप्रयत्न करणाऱ्या कोडमध्ये फसलेली कृती आणि दुरुस्तीची कृती एकाच व्याप्तीच्या आहेत का, हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक वेळी विचारतो. फसण्याचे कारण पेज फॉल्टच आहे हेही तपासावे लागते. चुकीच्या मजकुरामुळे प्रोसेसरने दिलेला संरक्षण दोष (प्रोटेक्शन फॉल्ट) कितीही वेळा प्रयत्न केला तरी सुटत नाही.

एआरएम६४ प्रोसेसरांवर रचना वेगळी आहे. तिथे ४०९६ बाइटांच्या राखीव जागेत ओळखचिन्ह आणि आकार असलेल्या नोंदी एकामागून एक येतात, आणि एसव्हीई या तिथल्या व्हेक्टर विस्ताराची रजिस्टरे त्यात मावली नाहीत तर जादा जागेकडे बोट दाखवणारी एक वेगळी नोंद असते. तिथेही प्रत्येक आकडा प्रोसेसने बदललेला असू शकतो, हे ध्यानात धरूनच कोड वाचावा लागतो.

पॅचसोबत कोणती चाचणी मागावी, हा शेवटचा व्यावहारिक मुद्दा. हँडलरमध्ये रजिस्टरांत दुसरी मूल्ये भरून परत आल्यावर जुनी मूल्ये जुळतात का, एवढेच पाहणारी चाचणी वर सांगितलेल्यांपैकी एकही दोष पकडत नाही. फ्रेम दोन पानांच्या सीमेवर येईल असा सिग्नल स्टॅक बनवावा, हँडलरमधून फ्रेममधला आकार कमी लिहून व दुसरे पान काढून टाकून परतावे, आणि प्रोसेसला सेगमेंटेशन फॉल्टचा (अवैध मेमरी वापराचा) सिग्नल मिळतो की प्रोसेसर कर्नलमध्येच फिरत राहतो ते पाहावे. मग हेच हेडरचे राखीव बाइट बिघडवून करावे, आणि त्याच प्रोसेसरवर बांधलेली दुसरी प्रोसेस आपली रजिस्टरे अखंड तपासत असताना करावे.