तिवर, चिपी, मारांडी: चोडणच्या चिखलातली नाती

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटली की समोर चोडण बेटाची हिरवी कड दिसू लागते. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. पक्षी बघायला इथं सगळेच येतात. आपण झाडं बघू, खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटी.

हे तिवर. पान जवळून पाहा, त्यावर पांढरे कण दिसतील. मीठच आहे ते. बराचसा खार मुळंच बाहेर अडवतात, तरी जो आत येतो तो पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. बुंध्याभोवती पेन्सिलीसारखी उभी आहेत ती श्वसनमुळं. या चिखलात प्राणवायू नसतो, म्हणून ती हवेत डोकं काढतात.

पुढे चिपी. तिचीही मुळं अशीच वर आलेली, जरा जाड. बघणाऱ्याला ही सख्खी भावंडं वाटतील, पण नाहीत. चिपी डाळिंबाच्या आणि मेंदीच्या कुळातली. तिवर अडुळशाच्या, आपल्या अबोलीच्या कुळातलं. चिखलात जगण्याची ही युक्ती दोघांना आपापली सापडली. ही अभिसारी उत्क्रांती. अशा वरवरच्या साम्यावर बांधलेला गट पॉलिफायलेटिक, आणि खारफुटी हा तसाच गट.

आता काठावरची मारांडी. काटेरी पानं, निळीजांभळी फुलं, उंची फार तर माणसाएवढी. तिवराशी तिचं रूप कुठंच जुळत नाही, तरी ती त्याच्याच कुळातली. तिवर, मारांडी, अबोली, त्यांचा सामाईक पूर्वज आणि त्या पूर्वजाचे सगळे वंशज, एकही न वगळता, मिळून होतो क्लेड, म्हणजे मोनोफायलेटिक गट. वर्गीकरण वंशावरूनच व्हावं, ही मांडणी जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० साली पुस्तकरूपानं केली.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगर ऊन खात पडली आहे, वर फांदीवर खंड्या. वंशानं मगरीला घोरपडीपेक्षा खंड्या जवळचा! पक्ष्यांना बाहेर ठेवून केलेला सरपटणाऱ्यांचा जुना गट म्हणून पॅराफायलेटिक: पूर्वज आत, काही वंशज बाहेर.

नदीकाठी भराव पडतो, झाडं जातात, आणि बदल्यात 'खारफुटी' लावली असं सांगितलं जातं. अनेकदा ते कांदळ असतं, खारफुटीतलंच आणखी एक झाड. कांदळाचं नातं एरंडाच्या बाजूला. चिपीची जागा ते भरत नाही. तेव्हा काय तोडलं आणि काय लावलं, याची नोंद जातीनिशी झालीच पाहिजे.