पुस्तक मिटल्यावर

(दृश्य: दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा जिना. वरून मोठ्याने वाचल्याचा आवाज.)

वडोदरा. संध्याकाळचे सात. सातवीतला एक मुलगा श्वसनाचा धडा तिसऱ्यांदा वाचतोय. शाळा गुजराती, घर मराठी.

"आजी, येतंय मला सगळं."

आजी पुस्तक मिटते, मांडीखाली ठेवते. "बरं, सांग. हवा नाकातून आत गेली. पुढे?"

मुलगा गप्प. नजर आजीच्या मांडीकडे.

तो थाप मारत नव्हता. तिसऱ्या वाचनाला ओळ न् ओळ ओळखीची झालेली असते, आणि ओळखीचं आहे म्हणजे येतंय, असं कुणालाही वाटतं. अमेरिकेत रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणजे आठवायला जी धडपड होते, तोच अभ्यास. आपण मात्र चाचणीला मार्कांशी इतकं बांधून टाकलंय की मुलांच्या पोटात गोळा येतो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

(दृश्य: महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा घुमट.)

सयाजीरावांनी १९०६ साली बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यांच्या नावाच्या या विद्यापीठात शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र एकाच विद्याशाखेत आहेत. असंच असायला हवं.

(दृश्य: स्वयंपाकघर. चार दिवसांनंतर.)

चार दिवस मुद्दाम जाऊ दिलेत. थोडं विसरायला झालं की आठवायला जोर लावावा लागतो, आणि मग ते जास्त टिकतं. आजी मेथी निवडतेय. मान वर न करता विचारते, "नाकातून पुढे?"

"श्वासनळी. मग... थांब, सांगू नकोस हं. मग दोन फांद्या. मग फेफसां."

"फुप्फुसं," आजी म्हणते, पण त्याला अडवत नाही. शब्द शाळेतला आला, येऊ दे.

मुलगा ढिगातली एक काडी उचलतो. टोकाचे दोन देठ बोटांनी फाकवतो, पानं दोन्ही बाजूंना नीट पसरतो.

"आणि आजी, इथे आत हवेच्या बारीक पिशव्या."