पॅरिसमधली साडेपंचवीस अंशांची रात्र

ऑगस्ट २००३ मध्ये पॅरिसचा पारा ३९ अंशांच्या पुढे गेला. चंद्रपूरच्या किंवा अकोल्याच्या श्रोत्यांना हा आकडा सांगितला की हसू येतं. आपल्याकडे मे महिन्यात ३९ म्हणजे ‘आज जरा बरं आहे’. तरीही त्या वर्षी १ ते २० ऑगस्ट या वीस दिवसांत फ्रान्समध्ये १४,८०२ माणसं जास्तीची मेली. ‘जास्तीची’ हा शब्द धरून ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय. आधी ३९ अंशांत माणसं मरतात कशी, ते पाहू.

उन्हाळ्याच्या लाटेला फ्रेंच लोक ‘कानिक्यूल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘छोटी कुत्री’. तो ज्या ताऱ्यासाठी वापरत, तो म्हणजे आपला व्याध. तो सूर्याच्या जोडीनं उगवतो ते दिवस भाजून काढणारे, अशी जुनी समजूत. म्हणजे उन्हाळ्याला नाव होतं, तयारी मात्र नव्हती.

वर्तमानपत्रं दिवसाचं कमाल तापमान छापतात. मला त्या ऑगस्टमधला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. ११ आणि १२ ऑगस्टच्या मधल्या रात्री पॅरिसचं किमान तापमान २५.५ अंश होतं. एरवी तिथली ऑगस्टमधली रात्र पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरते. दिवसभर तापलेलं शरीर रात्री निवतं, हृदयाला विसावा मिळतो. सलग नऊ दिवस दुपारी ३५ च्या वर आणि रात्री उतार नाही, असं झालं की कालची उष्णता आजच्या उष्णतेत मिळते. आठव्या दिवशी माणूस मरतो तो त्या एका दुपारमुळे नव्हे, साठलेल्या सात रात्रींमुळे.

शरीराचं गणित सरळ आहे. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसता ओघळून गेला तर काही उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. त्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त न्यावं लागतं आणि ते काम हृदयाचं. ऐंशीच्या पुढे तहानेची जाणीव मंदावते, घाम उशिरा आणि कमी येतो, हृदयाची ताकद मोजकी असते. त्यात औषधं. लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या पाणी कमी करतात, मानसिक आजारांवरची काही औषधं घाम रोखतात. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी अशा आठवड्यात तशीच चालू राहिली तर तीच अंगावर येते. आणि स्वतःच्या मनानं बंद केली तर हृदयविकार उलटतो. म्हणून लाट येण्याआधीच डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून ठेवायची असते.

सवयीचाही भाग आहे. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. अकोल्याचं शरीर मार्चपासून ही तालीम करतं. आणि अकोल्याचं घर, कपडे, दुपारची झोप, दारातला माठ, हे सगळं त्याच तालमीचा भाग.

आता घराकडे वळू. पॅरिसच्या जुन्या इमारतींची छपरं जस्ताच्या पातळ पत्र्याची आहेत. त्यांच्या अगदी खाली, सहाव्या-सातव्या मजल्यावर, एकेकाळी मोलकरणींसाठी बांधलेल्या छोट्या खोल्या. अनेक ठिकाणी लिफ्ट नाही. अशा खोलीत एकटी राहणारी म्हातारी बाई पाच-सहा जिने उतरून सावलीत जाऊन बसत नाही, ती वरच राहते. नंतर झालेल्या अभ्यासात छपराखालची खोली, उष्णतारोधक थर नसलेली जुनी इमारत आणि अंथरुणाला खिळलेपण, ही तिन्ही मृत्यूची शक्यता वाढवणारी ठरली. नागपूर, पुणे किंवा मुंबईत पत्र्याखाली राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मार्सेय हे शहर दक्षिणेला, पॅरिसपेक्षा गरम. त्या वीस दिवसांत मृत्यू पॅरिसमध्ये नेहमीपेक्षा १४२ टक्क्यांनी वाढले, मार्सेयमध्ये सुमारे २५ टक्क्यांनी. मार्सेयच्या खिडक्यांना बाहेरून लाकडी झडपा असतात. ऊन काचेला लागण्याआधीच अडतं. आतला पडदा ओढणं म्हणजे ऊन घरात घेऊन मग त्याला झाकणं. दुसरं कारण असं की मार्सेयने १९८३ च्या जुलैमध्ये अशीच प्राणघातक लाट सोसली होती आणि तिथल्या डॉक्टरांनी तेव्हापासून लोकांना सांगायला सुरुवात केली होती. पॅरिसला तो धडा ऐकू गेला नाही.

त्यात महिना ऑगस्टचा. या महिन्यात अर्धं पॅरिस रजेवर असतं. मुलं समुद्रावर, शेजारी गावी, इस्पितळांतले काही वॉर्ड बंद, वृद्धाश्रमांत माणसं कमी. १० ऑगस्टला आणीबाणी विभागांतल्या डॉक्टरांच्या संघटनेचे पात्रिक पेलू यांनी टीव्हीवर ओरडून सांगितलं की माणसं मरताहेत. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री जाँ-फ्रांस्वा मातेई सुट्टीच्या घरातून, पोलो शर्टात, सगळं आटोक्यात असल्याचं सांगताना दिसले. तो शर्ट फ्रान्स अजून विसरलेला नाही. पॅरिस परिसरातल्या इस्पितळांत आपत्कालीन योजना लागू झाली ती १३ तारखेला, म्हणजे सर्वांत वाईट दिवस उलटल्यावर. ४ ऑगस्टला दिवसाला जास्तीचे मृत्यू ३०० च्या आसपास होते, १२ तारखेला २,२०० च्या घरात.

सरकार खोटं बोलत होतं, असं मी म्हणणार नाही. त्याला दिसत नव्हतं. मृत्यूचे दाखले कागदावर होते, ते केंद्राकडे पोचून मोजले जायला आठवडे लागत. शिवाय दाखल्यावर ‘उष्णता’ क्वचितच लिहिली जाते. हृदय बंद पडलं, मूत्रपिंड निकामी झालं, झटका आला, असं लिहिलं जातं. म्हणून जास्तीचे मृत्यू मोजावे लागतात: २००० ते २००२ या तीन वर्षांत त्याच तारखांना सरासरी किती माणसं मेली ते काढायचं आणि या वर्षीच्या आकड्यातून वजा करायचं. अपेक्षित होते सुमारे २७ हजार. झाले त्यांच्या ५५ टक्के जास्त. पण तिथवर पोचायला किती वेळ गेला पाहा. १४ ऑगस्टला सरकारी अंदाज दीड ते तीन हजार. २० तारखेला अंत्यविधी करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आपल्या कामाच्या नोंदींवरून दहा हजारांवर आकडा सांगितला. २९ ला सरकारी संस्थेने ११,४३५ मान्य केले. १४,८०२ कळले सप्टेंबरच्या अखेरीस. शवपेट्यांचा हिशेब ठेवणारा आरोग्य खात्याच्या पुढे होता.

एक प्रश्न नेहमी येतो: ही माणसं नाहीतरी दोन-चार आठवड्यांत गेलीच असती ना? तसं असतं तर पुढच्या महिन्यांत मृत्यू सरासरीच्या खाली उतरले असते. तशी भरपाई करणारी घट दिसली नाही.

२००४ पासून फ्रान्सने योजना बांधली आणि तिचं सर्वांत शहाणं कलम म्हणजे इशाऱ्याचा निकष. सलग तीन दिवसांच्या कमाल तापमानांची सरासरी आणि किमान तापमानांची सरासरी, दोन्ही उंबरठा ओलांडतील तेव्हा इशारा. पॅरिससाठी ३१ आणि २१, तुलूझसाठी ३६ आणि २१. म्हणजे रात्र हिशेबात आली आणि प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या सवयीप्रमाणे आकडा मिळाला. आपल्या हवामान खात्याची सपाट प्रदेशातली लाट मुख्यतः कमाल तापमानावर ठरते: ४० किंवा जास्त, आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर. ‘उष्ण रात्र’ अशी वेगळी व्याख्या आहे, पण बातमीत ती कुठे तरी तळाशी असते. माझ्या मते ती मथळ्यात हवी.

योजनेतली दुसरी गोष्ट स्वस्त आहे. प्रत्येक वृद्धाश्रमात निदान एक खोली २५-२६ अंशांपर्यंत थंड. सगळी इमारत गार करायची गरज नाही. रोज दोन-तीन तास गारव्यात घालवले तरी शरीराचा साठलेला ताप उतरतो.

पंख्याबद्दल मात्र सावध. हवा साधारण ३५ च्या पुढे गेली की कोरड्या त्वचेवर पंखा गरम वाराच टाकतो. घाम न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, मग पंखा लावायचा, फडकं वाळलं की पुन्हा. जाड ओला टॉवेल गुंडाळून ठेवायचा नाही, त्यानं वारा अडतो. शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर जाऊन माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात. तेव्हा पॅरासिटामॉल देऊन उपयोग नाही. ते मेंदूनं वाढवलेला ताप उतरवतं, बाहेरून चढलेला नाही. रुग्णवाहिका बोलवायची, अंगावर पाणी मारून वारा घालायचा, मान, काख आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

जुलै २००६ मध्ये पुन्हा लाट आली. जुन्या आकड्यांवर बेतलेल्या गणितानुसार सुमारे ६,४०० जास्तीचे मृत्यू व्हायला हवे होते, झाले सुमारे दोन हजार. सगळं श्रेय योजनेचं नाही. लोक घाबरले होते, मुलं आईला फोन करत होती. पण फोन करायला कुणीच नसलेल्यांसाठी नगरपालिकेत एक नोंदवही आहे. एकट्या वृद्धानं किंवा अपंग व्यक्तीनं नाव नोंदवायचं, इशारा लागला की पालिकेतून चौकशी होते. तिची कमजोरीही तिथेच आहे: नाव नोंदवणं ऐच्छिक, आणि सर्वांत एकटा माणूस अर्ज भरायला येत नाही. ३ सप्टेंबर २००३ ला पॅरिसजवळच्या तिए इथल्या दफनभूमीत ५७ जणांना पुरलं, कुणीही ताब्यात न घेतलेल्या ५७ जणांना. राष्ट्राध्यक्ष शिराक आणि पॅरिसचे महापौर देलानोए तिथे उभे होते. नातेवाइकांच्या जागी तेच.