हात खिशात ठेवा

माईक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं. रोबोटवाल्यांच्या कार्यक्रमात माईक बंद पडणं ही जुनी परंपरा आहे, म्हणून आधी विचारून घेतलं.

तर मला विषय दिलाय, तीन आठवड्यांवर आलेल्या ऑफ-सीझन स्पर्धेची तयारी कशी करायची. त्यावर मी बोलणारच आहे, पण त्याआधी एक किस्सा सांगतो, जुन्या पोरांनी तो दहादा ऐकलाय, त्यांनी हवं तर मोबाईल बघावा, मी बघून न बघितल्यासारखं करीन.

पण थांबा, नवे पालक बसलेत, त्यांना दोन वाक्यं. एफआरसी, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, शाळकरी पोरांच्या टीमची रोबोट स्पर्धा, तिचा खरा सीझन जानेवारीत सुरू होतो, त्या दिवशी खेळ जाहीर होतो, मग रोबोट बांधायचा, स्पर्धा खेळायच्या, आणि एप्रिलमध्ये ह्यूस्टनला मोठी चॅम्पियनशिप होते, की संपलं. ऑफ-सीझन म्हणजे त्यानंतर कुणीतरी हौसेने भरवलेली स्पर्धा, तोच खेळ, तोच रोबोट. गेल्या आठवड्यात एकांनी मला विचारलं, जिंकलं तर पुढे कुठे जातात? कुठेच नाही. घरी जातात. रँकिंग नाही, ह्यूस्टनचं तिकीट नाही. तरी इंडियानात जुलैमध्ये आयआरआय नावाची स्पर्धा होते, तिला नुसता अर्ज करून भागत नाही, निमंत्रण यावं लागतं, आणि जगातल्या भल्या भल्या टीम त्या निमंत्रणाची वाट बघत बसतात. तिथे खेळाचे नियमसुद्धा थोडे बदलून घेतात, भरवणारे म्हणतील ते खरं. म्हणजे मिळत काही नाही तरी लोक जिवापाड खेळतात, असलं वेड मला फार आवडतं.

आणि हल्लीच्या पोरांना एक सांगायचंय. 2019 पर्यंत सहा आठवडे झाले की रोबोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सील करायला लागायचा. हात लावायचा नाही म्हणजे नाही! मध्यरात्री पिशवीच्या तोंडाशी उभं राहून शेवटचा स्क्रू मारलेली माणसं आहोत आम्ही. तुम्हाला एप्रिलपर्यंत रोबोट उघडा मिळतो आणि तरी तुमचं काम आदल्या रात्रीच संपतं. (हशा) हसू नका, खरं आहे.

हां, तर किस्सा. बाद फेरीची मॅच. त्याच्या आधीच्या दोन मॅचमध्ये आमचा रोबोट ढकलाढकली सुरू झाली की मध्येच अडखळायचा, उचकी लागल्यासारखा. आम्ही काय केलं? जगातल्या सगळ्या टीम करतात तेच केलं, प्रोग्रामरला झापलं. तो बिचारा पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, जमिनीवर बसून कोड उलटापालटा करतोय, आणि नववीतली एक मुलगी, जिला आम्ही त्या वर्षी बॅटरीची गाडी ढकलण्यापलीकडे काही दिलं नव्हतं, ती मला म्हणाली, सर, ही बॅटरीची तार हलतेय. मी म्हटलं हो हो, बघतो. बघितलं म्हणजे काय, दोन बोटांनी नट फिरवला, म्हटलं टाईट आहे गं, चल. पाना तिच्या हातात होता. तिने तो पुढे केला होता, मी घेतला नाही.

मॅच सुरू झाली. पहिले पंधरा सेकंद, जिथे रोबोट आपलं आपण खेळतो, एकदम झकास. मग ड्रायव्हरने जॉयस्टिक घेतली, समोरच्याने एक धडक दिली, आणि आमच्या रोबोटवरचा नारिंगी दिवा विझला. वीज गेली असेल अर्धा सेकंद. पण तेवढ्यात रोबोरिओ, म्हणजे रोबोटचा कॉम्प्युटर, पुन्हा चालू होणार, रेडिओ पुन्हा चालू होणार, रेडिओला जोडणी सापडणार, आणि मॅच सगळी मिळून अडीच मिनिटांची. आम्ही काचेमागे उभे, हातात जॉयस्टिक, समोर पुतळा. ती पोरगी कडेला गाडी धरून उभी होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने. बघून काही बोलली असती तर बरं वाटलं असतं.

रात्री बसून हिशेब केला. बॅटरी धरा 12.5 व्होल्ट, तिचा आतला रोध धरा 15 मिलीओहम. जोर लावताना रोबोट क्षणभर 250 अँपिअर ओढतो असं समजा. 3.75 व्होल्ट तिथेच गेले, उरले 8.75, मजेत चालतो. आता सैल नटाने फक्त 10 मिलीओहम वाढवले, की आणखी अडीच गेले, उरले 6.25. आणि आमचा जुना रोबोरिओ 6.3 च्या खाली मोटरींना हुकूम द्यायचं थांबवायचा. म्हणजे ती उचकी कोडमध्ये नव्हतीच, नटात होती. प्रोग्रामरची मी माफी मागितली, त्याने ती लेखी मागितली.

आता माझं म्हणणं ऐका, यासाठीच मी आलोय. त्या मुलीला दिसलं कारण ती दिवसभर बॅटरीच बघत होती, आणि आम्ही ऐकलं नाही कारण ती नववीतली. बारावीची पोरं तर जूनमध्ये गेली, मग ऑफ-सीझन खेळायचा कुणी? पुढच्या जानेवारीत जे असणारेत त्यांनी. मोठ्यांनी, मेंटरनी, आणि आईबाबा तुम्हीसुद्धा, हात खिशात ठेवायचे. फार अवघड आहे हे, मला स्वतःला जमत नाही, मी गेल्या वेळी खिसे शिवून…

चिठ्ठी आली का? पाच मिनिटं? मी तर अजून तयारीवर आलोच नाही.

बरं, भराभर सांगतो, लिहून घ्या. रोबोट एप्रिलपासून कोपऱ्यात पडलाय आणि त्यातल्या दोन मोटरी कुणीतरी काढून नेल्यात, कुणी ते मला अजून सांगितलेलं नाही, त्या आधी परत आणा. या रविवारनंतर रोबोटवर नवीन काहीही बसवायचं नाही, कितीही भारी आयडिया असली तरी, ती वहीत लिहा. उरलेला वेळ नुसता चालवायचा, आणि नव्यांनी चालवायचा. पात्रता फेरीच्या सगळ्या मॅचला नवा ड्रायव्हर, नवा ऑपरेटर, जुना फक्त कोच म्हणून मागे उभा, आणि तोंडाने बोलायचं, जॉयस्टिककडे हात गेला की त्याने पिट झाडायचा.

प्रत्येक बॅटरीवर नंबर टाका, कुठल्या मॅचला कुठली गेली ते वहीत, आणि दर मॅचआधी नटाला पाना लावायचा, बोटं नाही. चेकलिस्ट सगळ्यात नव्या पोराने मोठ्याने वाचायची, तो नाही म्हणाला तर रोबोट पिटमधून हलणार नाही, मी सांगितलं तरी नाही. स्काउटिंगला, म्हणजे बाकीच्या टीमचा खेळ बघून नोंदी करायला, पहिल्यांदा येणारे जास्त बसवा, खेळ कळायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि अलायन्स, म्हणजे बाद फेरीतल्या जोडीदार टीम, निवडताना त्यांची यादी खरंच उघडून बघा. शेजारच्या टीमने काही मागितलं तर द्या, लगेच द्या, परत कधी देतोस विचारू नका.

बंपरचं राहिलं, रोबोटभोवतीच्या गाद्या, मॅचला ज्या बाजूने खेळतो त्या रंगाच्या लागतात. लाल आणि निळे दोन्ही सेट आहेत का? एकच? मग तेच आज बसून करा.

आणि ती मुलगी कोण असं जाताना दोघातिघांनी विचारलंच असतं, म्हणून सांगतो. ती मागे दाराशी उभी आहे, या वेळी पिट तिच्याकडे आहे, मघाची चिठ्ठी तिनेच पाठवली.