रात्री दोन वाजता भोंगा कोण वाजवणार?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ग्वादलूप नावाची नदी आहे. एरवी उथळ, नितळ, काठाला सायप्रसची उंच झाडं. केर काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, तिच्या काठाने मुलामुलींची उन्हाळी शिबिरं भरतात. 2025 साली 4 जुलैच्या पहाटे, हंट या गावाजवळ, ही नदी पाऊण तासात सुमारे 26 फूट चढली. एकट्या केर काउंटीत शंभराहून अधिक माणसं गेली. कॅम्प मिस्टिक या शिबिरातल्या 27 मुली आणि तरुण मार्गदर्शिका त्यांत होत्या.

हा भाग चुनखडीच्या टेकड्यांचा. मातीचा थर पातळ, त्यामुळे पाणी मुरत नाही, सरळ नदीकडे धावतं. आपल्या कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांवर आली की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे शाळकरी मुलंही सांगतात. पाणी चढायला तिथे निदान काही तास, कधी दिवसही मिळतात. ग्वादलूपच्या काठी तेवढी उसंतच नाही. तिथे माणूस वाचतो तो वेळेत जागा झाला तरच.

हवामान खात्याने त्या रात्री 1 वाजून 14 मिनिटांनी अचानक येणाऱ्या पुराचा इशारा दिला होता. 4 वाजून 3 मिनिटांनी त्याहून गंभीर, आणीबाणीचा इशारा दिला. म्हणजे खबर होती. ती झोपलेल्या माणसाच्या कानापर्यंत नेणं हे काउंटीच्या प्रशासनाचं काम. तिथेच साखळी तुटली. लोकांच्या फोनवर संदेश पाठवा, अशी मागणी एका अग्निशामक जवानाने 4 वाजून 22 मिनिटांनी केली. कुणाला तो संदेश तासाभराने मिळाला, कुणाला त्याहून कितीतरी उशिरा. फोनवर संदेश पाठवणाऱ्या या यंत्रणेत ज्यांनी आधी नाव नोंदवलं नव्हतं, त्यांना तो मिळणारच नव्हता. आणि नदीकाठी भोंगे नव्हते.

भोंग्यांचा विचार कुणी केलाच नव्हता, असं मात्र नाही. 1987 च्या जुलैत याच नदीच्या पुरात शिबिरातून परतणारी 10 मुलं वाहून गेली होती. काउंटीच्या बैठकांत पूर-इशारा यंत्रणेवर वर्षानुवर्षं चर्चा झाली. 2017 मध्ये सुमारे 10 लाख डॉलरच्या अनुदानासाठी अर्जही गेला. तो मंजूर झाला नाही. त्यानंतर विषय मागे पडला. मला यातलं सर्वांत जास्त खुपतं ते हेच. अर्ज नाकारला गेला म्हणून नदीचा धोका कमी होत नाही.

शेजारच्या केंडॉल काउंटीत, त्याच नदीच्या खालच्या अंगाला, कम्फर्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने काउंटीची मदत आणि इतर निधी जुळवून भोंग्याची यंत्रणा सुधारून घेतली, ती पाणी मोजणाऱ्या यंत्राला जोडली. लोकांच्या कानाला सवय राहावी म्हणून भोंगा रोज दुपारी 12 वाजता वाजवून बघतात. 4 जुलैला तो वाजला, जवानांनी गाडीतून फिरून लोकांना उठवलं, आणि कम्फर्टमध्ये एकही जीव गेला नाही. खरं आहे, तिथवर पाणी पोचायला वेळ लागला, आणि भोंगा बंद खोलीत गाढ झोपलेल्याला ऐकू येईलच असंही नाही. पण कुणीतरी आधी ठरवून ठेवलं होतं, हा फरक मोठा आहे.

31 जुलैला केरव्हिल गावात विधिमंडळ समितीसमोर काउंटीचे अधिकारी साक्षीला आले. पुराच्या त्या रात्री आपत्ती व्यवस्थापनाचे समन्वयक आजारी होते, शेरीफ म्हणजे काउंटीचे पोलीसप्रमुख झोपेत होते आणि काउंटीचे प्रमुख बाहेरगावी होते. माणूस आजारी पडतो, झोपतो, गावाला जातो. यात गुन्हा नाही. त्यांच्या जागी त्या रात्री कोण जागं असणार, हे आधी ठरायला हवं होतं. त्याच वर्षी टेक्सासने पूरप्रवण भागांत भोंगे लावण्याचा आणि शिबिरांच्या सुरक्षेचा कायदा केला.

तुमचं गाव नदीकाठी असेल, तर पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत एवढं विचारा: धरणातून पाणी सोडल्याचा फोन रात्री दोनला आला, तर तो कोण उचलणार? भोंग्याच्या खोलीची किल्ली कुणाकडे? तो गावात नसेल तर कुणाकडे? वीज गेली तर भोंगा कशावर चालणार? उत्तरं मिळाली की ती नावं ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घ्या.