अर्धा कोयता

हा समोर मोळी बांधतोय, तो आठवीत आहे. म्हणजे हजेरीपटावर आहे. त्याचं गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात. कोल्हापूरजवळच्या या उसाच्या फडापासून तीनशे किलोमीटरच्या पुढं. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, त्या थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात.

ऊसतोडीत हिशेब माणसावर नाही, कोयत्यावर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो तीही जोडीवर, हंगामाच्या कितीतरी आधी. या घराची उचल पावसाळ्यातच खर्च झाली होती. मग आईचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. राहिला अर्धा कोयता. उचल मात्र पुरी फेडायची. ‘शाळा सोड’ असं बाप कधी म्हणाला नाही. ‘चार दिवस ये’, एवढंच म्हणाला.

मुकादमाच्या वहीत नाव अजून आईचंच आहे.

पहाटे अंधारातच काम सुरू होतं. बाप बुडातून ऊस तोडतो. पोरगा पाचट, म्हणजे वाळकी पानं, काढतो, शेंडा छाटतो, वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पानांचा, पीळ घालून मोळी आवळतो. उसाची बारीक, टोचरी कूस बोटांत शिरते, मानेवर खाजत राहते. आई साडीवरून जो शर्ट घालायची, तोच आता याच्या अंगात आहे. बाह्या दोनदा दुमडलेल्या. गाडी भरायला यायची वेळ ठरलेली नसते. रात्री अकराला आली तर अकराला भरायची. डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढायला मात्र बाप त्याला देत नाही. अजून तरी.

याचा मित्र गावातच राहिलाय. त्याचेही आईबाप तोडीला गेलेत, पण तो हंगामी वसतिगृहात जेवतो आणि झोपायला आजीकडं जातो. दोघांची नावं आम्ही घेणार नाही. ‘मामाच्या गावाला चाललोय,’ असं यानं शाळेत सांगितलं होतं. मित्रानं सरांना खरं काय ते सांगितलं. सर घरी आले, नेमका मुकादम ओट्यावर बसलेला असताना. चार माणसांत बापाला ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद आहे.

मित्राचं चुकलं, असं आम्हाला वाटत नाही. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. घरच्यांना हातभार लावायची मुभा बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनंतरही आहे, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. इथं शाळाच तीनशे किलोमीटरवर, ती सुटणार कधी? तरी चार लोकांत मान खाली घातलेला बाप पाहिल्यावर तेरा वर्षांच्या पोराला कायदा कोण समजावणार? उचल देणाऱ्याला त्या दिवशी कुणी काही विचारलं नाही, हेही त्यानं पाहिलंच.

बापाच्या फोनवर अधूनमधून वहीच्या पानांचे फोटो येतात. मित्र पाठवतो, सोबत शब्द एक नसतो. परवा चक्रवाढ व्याजाची उदाहरणं आली. जेवणाच्या सुट्टीत कोपीत, म्हणजे राहायच्या झोपडीत, बसून पोरानं ती आम्हाला दाखवली, बोट ठेवून.

‘हे बघा. मुदत वर्षांत घ्यायची असती. ह्यानं महिन्यांतच ठेवलीय. गणितात कच्चाच हाय त्यो.’

मग कळवलंस का त्याला?

‘मी कशाला कळवू? चुकू द्या.’