फेकून दिलेली प्लेट

मंडळी, पत्रिकेत आजचा विषय 'बुरशीतील सुप्त जनुकसमूह आणि सूक्ष्मजीवांच्या आंतरक्रिया' असा छापलाय. हे वाचूनही तुम्ही आलात, तेव्हा तुमच्या धीराला आधी नमस्कार करते.

मुद्द्यावर येण्याआधी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. विद्यार्थिनी होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर माझ्या सहा प्लेट्सपैकी एकीत बुरशीशेजारी खडूसारखी पांढरी, कोरडी वसाहत उगवलेली. झाकण जरा उचललं आणि ओल्या मातीचा वास आला. ओळखलंत ना? स्ट्रेप्टोमायसिस, मातीतला जिवाणू. बुरशी त्या वसाहतीला जिथे भिडली होती, नेमक्या त्या कडेला आगरात, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, पिवळा पट्टा उतरला होता. उरलेल्या पाच प्लेट्समध्ये पट्ट्याचा मागमूस नाही. मी धावतच सरांकडे गेले. सरांनी प्लेट उजेडात धरली आणि म्हणाले, "कंटॅमिनेशन. ऑटोक्लेव्ह कर आणि टाकून दे. आणि यापुढे हात नीट धू." दाबाखालची वाफ, १२१ अंश, १५ मिनिटं. अंत्यसंस्कार उरकले! हात मी धुतले होते हो, आजही शपथेवर सांगते.

सरांना दोष देत नाही. आमचं सगळं शास्त्रच सोवळ्यातलं. हे सोवळं रॉबर्ट कॉख यांचं: एका प्लेटमध्ये एकच जीव, दुसऱ्याची सावलीसुद्धा नको. त्याशिवाय कुठला जंतू कुठला रोग करतो हे सिद्ध झालं नसतं, हे मान्य. (आगर वापरायचं सुचलं ते फॅनी हेस या बाईंना. कॉख यांनी १८८२ साली क्षयाच्या निबंधात आगरचा उल्लेख केला, बाईंचा नाही. बशीला मात्र पेट्रींचं नाव लागलं! असो, ती तक्रार वेगळ्या व्याख्यानाची.) पण मातीत बुरशी एकटी कधी असते का? तिला शत्रू नसलेल्या खोलीत कोंडायचं, आयती साखर घालायची आणि मग म्हणायचं, हिच्याकडून नवं काही मिळत नाही. रिकाम्या घरात ती भांडणार कोणाशी?

२००५ साली ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा जनुकसंच, प्रसिद्ध झाला आणि हे सोवळं अंगाशी आलं. रसायनं बनवणारी जनुकं बुरशीत गटागटाने शेजारी बसतात. असे पन्नासहून अधिक गट तिच्यात सापडले, पण प्रयोगशाळेत बरेचसे गप्पच. कारखाना उभा, फाटकाला कुलूप.

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत म्हणे. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत पळत सांगते.

२००९, जर्मनीतलं येना. ब्राखागे आणि हर्टवेक या शास्त्रज्ञांच्या चमूंनी या बुरशीसोबत मातीतले ५८ ॲक्टिनोमायसिट जिवाणू एकेक करून वाढवले. तिचा एक गप्प जनुकगट बोलता झाला तो त्यांतल्या एकामुळेच. तो स्ट्रेप्टोमायसिस रॅपामायसिनिकस. त्यातही नुसतं एका भांड्यात असून भागेना, प्रत्यक्ष स्पर्श लागतो असं तेव्हा दिसलं. तयार झालं ऑर्सेलिनिक आम्ल आणि त्याची भावंडं. हे आम्ल दगडफुलांच्या अभ्यासकांना जुनंच ओळखीचं, एवढं लक्षात ठेवा.

कुलूप उघडतं कसं? डीएनए हिस्टोन प्रथिनांवर घट्ट गुंडाळलेला असतो. हिस्टोनवर ॲसिटिल नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटले की गुंडाळी सैल पडते आणि जनुकं वाचता येतात. २०११ साली दिसलं की ही चिकटवाचिकटव करणारं बुरशीचं स्वतःचंच यंत्र, सागा-एडीए नावाचं, जिवाणूमुळे इथे कामाला लागतं. म्हणजे किल्ली घरातलीच, फिरवायला लावतो शेजारी. दोनच वर्षांनी त्याच जिवाणूने या बुरशीच्या बहिणीला, ॲस्परजिलस फ्युमिगेटसलाही बोलतं केलं. तिच्याकडून फ्युमिसायक्लिन नावाची रसायनं निघाली.

मग जिवाणूकडचा निरोप कोणता? २०२३ साली उत्तर छापून आलं: ॲझालोमायसिन एफसारखी, आर्जिनिन या अमिनो आम्लापासून सुरू होणारी पॉलिकीटाइड नावाची रसायनं. जिवाणूशिवाय नुसतं हे रसायन दिलं तरी बुरशी बोलते.

हो हो, उठतेच आहे. एक शैवाल राहिलं. हेच ॲझालोमायसिन क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालाला मारतं. पण शेजारी ही बुरशी असली, तर शैवालाच्या पेशी तिच्या तंतूंच्या जाळ्यात शिरतात आणि वाचतात. बुरशीच्या आसऱ्याला शैवाल! दगडफूल म्हणजे तरी दुसरं काय असतं?